मूठ आधी सैल सोडा

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून आलेले पत्र थोडक्यात असे आहे :

“माझे वय 47. माध्यमिक शाळेत लिपिक आहे. महाविद्यालयात असताना मुंबईला मामांकडे राहून तीन वर्षे बॉक्सिंग केले, तेव्हा वजन 63 किलो होते. आता 74 आहे. वडिलांच्या आजारपणात गावी परतलो आणि ग्लोव्हज माळ्यावर गेले ते गेलेच. गेल्या दिवाळीपासून पुन्हा सुरुवात केली आहे. तीन दिवस बाजारपेठेतील व्यायामशाळेत एक निवृत्त सुभेदार शिकवतात. उरलेले दिवस पडवीत वाळूच्या पोत्यावर सराव करतो, पुळणीवरून अनवाणी उत्तरेकडे बंदरापर्यंत पळतो आणि रस्त्याने चालत परततो. पहिली फेरी चांगली जाते. दुसरीच्या मध्यावर दम लागतो आणि हात खाली येतात. उजवा खांदा व मनगट दुखते, सकाळी उठल्यावर डावी टाच टेकवत नाही. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. व्यायामशाळेतील वीस-बावीस वर्षांची मुले ‘काका, एकदा पूर्ण जोरात खेळूया’ म्हणतात. खेळावे का? पुढच्या हिवाळ्यात एखाद्या स्पर्धेत उतरता येईल का? सोबत पोत्यावरच्या सरावाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवत आहे.”

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि व्हिडिओ मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले. दम कमी पडतो असे आपण लिहिले आहे आणि त्यावर उपाय म्हणून पळणे वाढवले आहे. व्हिडिओ मात्र वेगळे सांगतो. पहिली तीस-पस्तीस सेकंदे आपले ठोसे मोकळे आहेत. चाळिसाव्या सेकंदाच्या सुमारास ओठ घट्ट मिटतात, खांदे कानांकडे चढू लागतात, आणि दोन ठोशांच्या मधल्या वेळात, जेव्हा हाताला काहीच काम नसते तेव्हाही, पट्टी बांधलेली मूठ आवळलेलीच राहते. मी आवाज मोठा करून ऐकले. पोत्यावरचे ठोसे ऐकू येतात, आपला श्वास ऐकू येत नाही. आपण श्वास कोंडून आणि सबंध अंग ताठ ठेवून खेळता, त्यामुळे नऊ मिनिटांची शिदोरी चार मिनिटांत संपते. माझ्या मते आपल्या जवळजवळ सर्व तक्रारींचे मूळ इथे आहे, म्हणून आधी त्याबद्दल सविस्तर लिहितो.

ठोसा मारताना दंडाच्या मागचा स्नायू हात सरळ करतो. त्याच वेळी दंडाच्या पुढचा स्नायू आवळलेला असेल तर तो लगाम खेचल्यासारखा त्याच हाताला मागे ओढत राहतो; ठोसा मंदावतो आणि दोन्ही स्नायू दमतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून खांदा भरून येतो आणि गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्याशी धरलेले हात, खाली येतो. श्वास कोंडला की छातीतील दाब वाढतो आणि रक्तदाबही एकदम उसळतो. विशीतल्या मुलाला हे सगळे खपून जाते, कारण त्याच्या अंगात उधळायला भरपूर असते. तिशीनंतर बैठ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते, आणि नियमित व्यायाम करणाऱ्याची घट त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. आपली मधली वीस-पंचवीस वर्षे खुर्चीत गेली. आता जी ताकद आहे ती काटकसरीने वापरायला शिकणे हा आपल्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि दम वाढवण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी लवकर साधते.

म्हणून पहिली विनंती अशी की पुढचे सहा आठवडे पोत्यावर पूर्ण जोराचा एकही ठोसा मारू नये. हे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे; दिवसभर कचेरीत बसलेल्या माणसाला संध्याकाळी जोरात मारण्यातच समाधान वाटते. तरीही एवढे ऐकावे. सरावाची सुरुवात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे, करून करावी, तीही चालण्याच्या गतीने. आता रातांब्याचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या दोन्ही मुठींत मी या दिवसांत एकेक पिकलेला रातांबा देतो आणि तो न चिरडता फेरी पुरी करायला सांगतो. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या पट्टीवर लाल डाग उमटतात, विशेषतः ज्या हाताने ते ठोसा मारत नसतात त्या हाताच्या पट्टीवर, आणि आपण विनाकारण किती आवळतो हे कोणी न सांगता त्यांना कळते. रातांबे संपले की कागदाचा बोळा चालेल. पोत्यावर परत याल तेव्हा मूठ ठोसा लागण्याच्या क्षणीच मिटायची आणि परतीच्या वाटेवर लगेच सोडायची.

श्वासाचा नियम एका वाक्याचा आहे. प्रत्येक ठोशागणिक दातांमधून छोटा ‘स्स्’ आवाज करीत हवा बाहेर टाकावी. आत घेण्याची काळजी करू नये, ती आपोआप येते. तीन ठोशांची माळ असेल तर तीन छोटे उच्छ्वास व्हायला हवेत. एका लांब उच्छ्वासात तिन्ही उरकले तर तिसरा पोकळ पडतो. सुभेदारसाहेबांना सांगून ठेवा की आपले ठोसे झेलायला हातात पॅड धरताना आवाज ऐकू आला नाही तर त्यांनी पॅड खाली घ्यावे.

आता ठोसा कुठून निघतो याबद्दल. व्हिडिओत आपला उजवा सरळ ठोसा निघतो तेव्हा मागची टाच जमिनीला चिकटलेली राहते. म्हणजे कंबर वळत नाही आणि सगळे काम एकटा खांदा करतो. आपल्या गावात पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकणारे कोणी असेल तर एखाद्या सकाळी त्यांच्याजवळ उभे राहून नीट पाहावे. ओले जाळे जड असते, आणि साठीचा माणूस ते दिवसातून अनेकदा फेकतो, कारण त्याचा जोर पावलातून उठतो, कंबरेच्या वळणातून वर येतो आणि हात शेवटी फक्त जाळे सोडून देतो. उजवा ठोसाही असाच निघायला हवा. मागच्या पायाची टाच उचलून बाहेर वळावी, तिच्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा, आणि मूठ सर्वांत शेवटी. आरशापुढे हे इतके सावकाश करा की चारही टप्पे वेगळे दिसतील. मग हळूहळू टप्पे मिटवत जा.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, हा आपल्या वयाच्या मुष्टियोद्ध्याचा खरा आधार आहे. तो कमी शक्तीत जातो, समोरच्याला अंतरावर ठेवतो आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळवून देतो. आपला जॅब जाताना चांगला आहे, परतताना मात्र तो छातीच्या उंचीवरून येतो. हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत गालाशी परतला पाहिजे, आणि पुढे असताना डाव्या खांद्याने हनुवटी झाकलेली पाहिजे. यासाठी भिंतीजवळ असे उभे राहावे की डावा हात लांबवल्यावर भिंत वीतभर दूर उरेल, आणि भिंतीवरील एका खुणेकडे पाहत जॅब टाकावा. दररोज शंभर सावकाश जॅब पुरेत.

बचावाबद्दल मला फार आग्रहाने सांगावेसे वाटते. वयानुसार प्रतिसादाचा वेळ थोडा वाढतो, हे कोणत्याही सरावाने पूर्णपणे टळत नाही. म्हणून ठोसा येताना दिसल्यावर डोके मागे झुकवणे ही तरुणांची सवय आपण सोडून द्यावी; त्यात तोल जातो आणि दुसरा ठोसा नेमका लागतो. बचाव पायांनी करायचा. प्रत्येक माळेनंतर जागा बदलायची, अर्धे पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे, आणि ‘मी मारले, आता बघू काय होते’ म्हणून तिथेच उभे राहायचे नाही. समोरच्याच्या हातांकडे पाहू नये. नजर छातीच्या वरच्या भागावर ठेवली तर त्याचा खांदा हलताना आधी दिसतो. अनुभवाने अंदाज वाढतो आणि गतीतली तूट बरीचशी त्याने भरून निघते. 5 नोव्हेंबर 1994 रोजी जॉर्ज फोरमन यांनी वयाच्या 45 व्या वर्षी, 26 वर्षांच्या मायकेल मूरर यांना दहाव्या फेरीत बाद करून हेवीवेट विश्वविजेतेपद परत मिळवले. नऊ फेऱ्यांपर्यंत ते गुणांत मागे होते. त्या लढतीचे चित्रण मिळाले तर त्यांची घाई नसलेली पावले पाहा आणि शेवटचा सरळ, आखूड उजवा ठोसा पाहा. बर्नार्ड हॉपकिन्स यांनी तर 49 व्या वर्षी विश्वविजेतेपदाची लढत जिंकली, आणि अंतर राखण्याची त्यांची हातोटी हे त्याचे मोठे कारण होते. हे दोघे आयुष्यभराचे व्यावसायिक होते. त्यांच्याकडून काटकसर शिकावी, ठोसे सोसण्याची उमेद घेऊ नये.

मनगटाच्या दुखण्याला आपले पोते जबाबदार आहे असे मला वाटते. वाळू हळूहळू खाली बसते, वरचा भाग पोकळ आणि खालचा दगडासारखा होतो. छातीच्या उंचीवरचा ठोसा आत रुततो आणि पोटाच्या उंचीवरचा मनगटावर उलटतो. वाळू काढून टाकावी आणि गावातल्या शिंप्याकडच्या चिंध्या व काथ्या थराथराने ठासून भरावा. वजन आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे 35 किलोपर्यंत असावे. टांगताना पडवीच्या वाशावर विसंबू नये. तुळई पक्की असेल तर तिलाच टांगावे. हाताची पट्टी साडेचार मीटर लांबीची घ्यावी, मनगटाभोवती तीन वेढे, मग बोटांमधून आणि गाठींवरून, आणि पुन्हा मनगटावर येऊन संपवावी. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर लागला पाहिजे. करंगळीच्या बाजूने लागला तर त्या बोटामागचे तळहातातील हाड मोडते, आणि मूठ मारताना हे मोडणे इतके नेहमीचे आहे की डॉक्टर ते खेळाच्याच नावाने ओळखतात. पोत्यावर नुसत्या पट्टीने मारू नये, ग्लोव्हज घालावेत.

खांद्याचे दुखणे कंबर न वळवल्यामुळे सुरू झाले असावे आणि टेबलावर वाकून बसल्यामुळे टिकले असावे. पाठीचा वरचा भाग ताठला की हात वर नेताना खांद्याला जागा अपुरी पडते. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून, कोपरे बाहेर ठेवून ती चेहऱ्याकडे ओढावी. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. आपण जोर मारत असाल तर ते महिनाभर थांबवावेत, आणि त्याऐवजी हात पायरीवर टेकवून वर-खाली व्हावे. त्या कुशीवर झोपल्यावर रात्री जाग येत असेल, किंवा हात बाजूने खांद्याच्या वर जात नसेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टाचेबद्दल आपण लिहिलेल्या एका तपशिलाने मला बरीच मदत झाली. आपण उत्तरेकडे पळता, म्हणजे समुद्र डाव्या हाताला राहतो आणि डावा पाय सतत उताराच्या खालच्या बाजूला पडतो. परतताना वाळूवरून आला असता तर हिशेब थोडा तरी बरोबर झाला असता. आपण रस्त्याने परतता. त्यात भुसभुशीत वाळू आणि अनवाणी पाय. सकाळच्या पहिल्या चार पावलांना टाचेखाली कळ येणे हे तळपायाच्या जाड पट्ट्यावर ताण आल्याचे नेहमीचे लक्षण आहे. पळणे पूर्ण थांबवून बूट घालून चालावे, आणि ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट पुळणीवरून जाऊन तिथूनच परत यावे. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा होते, तेव्हा शाळेची वेळ सांभाळून जे दिवस जुळतील तेवढेच धरावेत. संध्याकाळी घराच्या जांभ्याच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग टेकवून, टाचा दोन सेकंदांत वर आणि चार सेकंदांत खाली नेणे, बारा-पंधरा वेळा, हा माझ्या अनुभवातला उत्तम उपाय आहे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या आणि पट्टे मात्र कित्येक महिने घेतात, आणि या वयात घाई केली की तेच आधी दुखावतात. सकाळची कळ गेल्यावर दोरीच्या उड्या सुरू कराव्यात, त्याही तीस सेकंदांच्या, आणि सिमेंटऐवजी सारवलेल्या खळ्यात.

दम वाढवण्याचे काम यापुढे थोडक्यात सांगता येते, कारण त्यात गुंतागुंत नाही. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटे असे चालावे किंवा सायकल चालवावी की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. वयाच्या सात दशांश पट 208 मधून वजा केल्यास हृदयाच्या कमाल गतीचा अंदाज मिळतो. आपल्यासाठी तो साधारण 175 येतो, आणि या सावकाश दिवसांत नाडी सव्वाशेच्या आत राहावी. मात्र रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गतीच कमी ठेवतात आणि तेव्हा हे आकडे निरुपयोगी ठरतात. आपली गोळी त्या प्रकारची आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. असल्यास बोलता येण्याची कसोटी पुरेशी आहे. जोराचा दिवस आठवड्यातून एकच असावा, आणि तोही सहा आठवड्यांनंतर. तीस सेकंद पोत्यावर झपाट्याने आणि नव्वद सेकंद विश्रांती, असे सहा वेळा करावे. तिथून हळूहळू दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि शेवटी मधे एकेक मिनिट ठेवून तीन-तीन मिनिटांच्या तीन. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर तो दिवस हलका ठेवावा. दोन दिवस वीस-वीस मिनिटे ताकदीचे काम करावे : खुर्चीपर्यंतच्या बैठका, पाण्याने भरलेल्या दोन बादल्या उचलून चालणे, आणि तळहाताने कपाळ, मग दोन्ही कानशिले, मग डोक्याची मागची बाजू दाबून मानेने विरोध करणे. शेवटचा व्यायाम करताना श्वास चालू ठेवावा, नाहीतर रक्तदाबाचा प्रश्न पुन्हा तिथेच उभा राहील.

या दिवसांत आपल्याकडचा उकाडा हाच एक मोठा प्रतिस्पर्धी असतो. हवेत दमटपणा इतका असतो की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. घाम खूप आला म्हणजे सराव चांगला झाला असे मानू नये. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावे. एक किलो उतरले असेल तर साधारण एक लिटर पाणी गेले असे समजून ते पुढच्या काही तासांत भरून काढावे. कोकमाचे पाणी उत्तम, पण आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मूळचेच भरपूर मीठ असते, तेव्हा आपला रक्तदाब पाहता त्यात वरून मीठ घालू नये. वजन लवकर उतरावे म्हणून अंगावर प्लास्टिक किंवा रेनकोट चढवून सराव करणारे मी पाहिले आहेत. कोकणातील मे महिन्यात हा जिवाशी खेळ आहे.

आहारात मी फार बदल सुचवणार नाही. सरावाआधी तासभर उकड्या तांदळाची पेज, आणि दिवसभरात सुमारे 90 ते 110 ग्रॅम प्रथिने, एवढे साधले तरी वजन कमी होताना स्नायू टिकतात. शंभर ग्रॅम बांगड्यातून एकोणीस-वीस ग्रॅम मिळतात. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, आणि त्या काळात सुका, खारवलेला बांगडा रोज ताटात आला तर मीठ फार वाढते. तेव्हा कुळीथ, काळे वाटाणे, अंडी आणि दही यांवर भर द्यावा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पावसाळ्यात ग्लोव्हजना बुरशी लागते. सराव झाल्यावर आतून पुसून, वर्तमानपत्राचे बोळे भरून वाऱ्यावर टांगावेत. चुलीजवळ वाळवल्यास चामडे तडकते. ज्या ग्लोव्हजना माळ्यावर वीस-पंचवीस वर्षे झाली त्यांच्या आतील भरण बहुधा बसून गेले असेल, तेव्हा नवे घ्यावेत. पोत्यासाठी आणि स्पारिंगसाठी, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीसाठी, वेगळे, स्पारिंगचे 16 औंसांचे.

आता पूर्ण जोरात खेळण्याबद्दल. या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागचे कारण मला माझ्याच अनुभवातून सांगावे लागेल. मी 44 वर्षांचा असताना एका व्यायामशाळेत बावीस वर्षांच्या मुलाबरोबर असाच खेळलो. तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, कानशिलावर बसला. मी पडलो नाही, फेरी पुरी केली, हात मिळवला आणि स्कूटर चालवत घरी आलो. रात्री जेवताना पत्नीने विचारले की येताना आणलेली कोळंबी कोणाकडून घेतली. पिशवी ओट्यावर होती, पैसे खिशातून गेले होते आणि मला बाजारात गेल्याचेच आठवत नव्हते. मी काहीतरी उत्तर दिले. पुढचे पंधरा दिवस डोके जड राहिले, उजेड सोसवत नव्हता, मुलांवर चिडत होतो, आणि हे मी कोणालाही सांगितले नाही. आज मला त्या ठोशापेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त खंत वाटते.

वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि मेंदूपासून त्याच्या वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. धक्क्याने त्या तरुणांपेक्षा सहज फाटतात, आणि रक्तस्राव संथ असेल तर लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. हेडगार्ड कापणे आणि सुजणे कमी करते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. रक्त पातळ करणारे कोणतेही औषध चालू असेल, अगदी रोजची ॲस्पिरिनची लहान गोळी असली तरी, आपण स्पारिंगचा विचार सोडून द्यावा. चष्म्याचा क्रमांक मोठा असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. त्याशिवाय स्पारिंगच्या आधी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील तर ट्रेडमिलवरची चाचणी करून घ्यावी. सराव करताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी थांबून रुग्णालय गाठावे.

तरीही स्पारिंगशिवाय बॉक्सिंग अपुरे वाटते, हे मी समजू शकतो. म्हणून सुभेदारसाहेबांशी बोलून एक पद्धत ठरवावी. पहिले दोन महिने फक्त जॅब, दोघांकडूनही, आणि फक्त छाती व पोटावर. पुढचे दोन महिने सर्व ठोसे, पण स्पर्शापुरते. डोक्याला ग्लोव्हज टेकला की गुण, जोराने लागला की फेरी तिथेच बंद. दंतवैद्याकडून मापाने केलेला माउथगार्ड हवा. जोडीदार सुभेदारसाहेब निवडतील, आणि तो असा हवा ज्याला कोणाला काही दाखवून द्यायचे नाही. ‘काका’ म्हणणाऱ्या मुलांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांना आपला जोर किती हे अजून ठाऊक नसते, आणि आपणही त्यांच्यासमोर वय लपवण्याच्या भरात वाजवीपेक्षा जास्त सोसतो. डोक्याला जोराचा ठोसा बसून गरगरले, मळमळले, एखादी गोष्ट आठवेनाशी झाली, तर त्या दिवशी पुन्हा ग्लोव्हज घालायचे नाहीत, एकट्याने गाडी चालवायची नाही, घरी लगेच सांगायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. डोक्यावरील ठोशामुळे लढत थांबवावी लागली तर हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत खेळाडूला किमान 30 दिवस बाहेर ठेवतात; आपल्या वयात मी 60 दिवस सांगेन.

स्पर्धेचा प्रश्न नियमानेच सुटतो. आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्धात वरिष्ठ गटाची वयोमर्यादा 19 ते 40 वर्षे आहे. उत्सवात एखादे मंडळ डॉक्टर, वजन आणि वय न पाहता लढती लावत असेल तर तिथे उतरू नये, कितीही आग्रह झाला तरी. पुढच्या महाशिवरात्रीपर्यंत आपल्यासमोर मी दुसरे उद्दिष्ट ठेवतो : सुभेदारसाहेबांबरोबर तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, स्पर्शाच्या नियमाने, शेवटच्या मिनिटातही दोन्ही हात गालाशी आणि प्रत्येक ठोशागणिक ऐकू येणारा श्वास. हे साधले तर विशीत जितके येत होते त्याहून चांगले बॉक्सिंग आपल्याला आता येत असेल, आणि हे मी आपले मन राखण्यासाठी लिहीत नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा. फोन या वेळी डाव्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे मागची टाच दिसेल. आणि पडवीतला पंखा बंद ठेवावा, कारण मला आपला श्वास ऐकायचा आहे.